शब्दार्थेतिहासाची समीक्षापद्धती आणि 'कास्ट' हा शब्द

शब्दाचा अर्थ हा कोशकाराचा प्रांत आणि वाक्याचा व कृतीचा अर्थ हा समीक्षकाचा, अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्या भाषाविभागांत दीर्घकाळ रूढ आहे. इंग्लंडमध्ये ही वाटणी विसाव्या शतकाच्या मध्यास तीन ग्रंथांनी मोडली. विल्यम एम्प्सनचा 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' १९५१ साली, सी. एस. लुईसचा 'स्टडीज इन वर्ड्स' १९६० साली आणि रेमंड विल्यम्सचा 'कीवर्ड्स' १९७६ साली प्रसिद्ध झाला. एम्प्सनची बुद्धी गणिताच्या वळणाची, लुईस मध्ययुगीन वाङ्मयाचा पंडित, विल्यम्स समाजवादी विचारवंत. तरीही तिघांचे एका गोष्टीवर मतैक्य आहे. एकच शब्द घेऊन त्याच्या अर्थांची घडण उलगडली, तर वाङ्मयाच्या आणि समाजाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग हाती येतो, असे हे तिघेही मानतात. हे तिन्ही ग्रंथ आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांतून वाचले जातात, उद्धृतही केले जातात. परंतु त्यांची पद्धती कोठपर्यंत पोचते आणि कोठे थांबते, याची परीक्षा मात्र क्वचितच होते.

अशी परीक्षा करावयाची तर तिघांनी निवडलेल्या शब्दांच्या बाहेर गेले पाहिजे. 'नेचर', 'विट', 'ऑनेस्ट', 'कल्चर' हे शब्द मूळचे कोठलेही असोत, इंग्रजी भाषकांनी ते स्वतःविषयी बोलताना घडविले आहेत. ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते आणि बोलणारे एकाच भाषेचे होते. याउलट 'कास्ट' हा शब्द घ्यावा. तो इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून घेतला, पोर्तुगिजांनी तो या देशातील लोकांना लावला, आणि ज्यांना तो लावला त्यांच्या कोणत्याही भाषेत तो नव्हता. प्रस्तुत लेखात या एका शब्दावर तिन्ही पद्धती क्रमाने लावून पाहावयाच्या आहेत.

प्रथम शब्दाचा प्रवास पाहू. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत 'कास्टा' म्हणजे वंश, कूळ, पैदास. हा शब्द माणसांच्या कुळाला जसा लावीत, तसाच घोड्यांच्या आणि गुरांच्या अवलादीलाही लावीत. लॅटिनमधील 'कास्टुस' म्हणजे शुद्ध, या शब्दाशी त्याचे नाते परंपरेने जोडले जाते. ते सर्व व्युत्पत्तिशास्त्रज्ञांना मान्य नाही. परंतु पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्या द्वीपकल्पात रक्तशुद्धीची कल्पना केवढी प्रबळ होती हे ध्यानी घेतले, म्हणजे हा शब्द कोणत्या हवेत वाढला ते समजते. ज्यू व मुसलमान पूर्वजांची नावे वंशावळीत सापडली की धर्मांतरित ख्रिस्ती माणसालाही पदे नाकारली जात. असा शब्द जहाजातून गोव्यास आला.

त्याचा एक महत्त्वाचा आणि आरंभीचा मुद्रित पुरावा गोव्यातच आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. येथे कोणीही बापाचा धंदा सोडीत नाही आणि चांभारांच्या एका 'कास्टा'तील सारे चांभारच असतात, अशा आशयाचे निरीक्षण त्यात आहे. यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात हा दाखला नोंदविला आहे. त्याच्या पाठोपाठ गोव्याच्या १५६७ सालच्या धर्मपरिषदेचाही दाखला येतो. कोशाच्या नोंदीत जे येत नाही ते असे, की ओर्ता स्वतः धर्मांतरित ज्यू कुळातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या शब्दाने त्याने येथील समाज वर्णिला, त्या शब्दाच्या मागे उभी असलेली रक्ताची कल्पना त्याच्या स्वतःच्या कुळालाही सोडीत नव्हती. शब्दाच्या इतिहासात दाखल्याचे साल महत्त्वाचे खरे. पण तो दाखला कोणाच्या लेखणीतून उतरला, हेही तितकेच महत्त्वाचे.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याच्या लेखनात अंत्य 'ई' हे अक्षर नव्हते. साचा, घडण, फेकणे अशा अर्थांच्या देशी इंग्रजी शब्दासारखेच त्याचे रूप होते. आजचे रूप फ्रेंचच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावले. हा केवळ अक्षराचा प्रश्न नाही. वेगळे लेखन मिळताच शब्द जुन्या सोबत्यांपासून तुटला आणि हिंदुस्थानातील एका संस्थेचे नाव म्हणून एकटा उभा राहिला. पोर्तुगीजमध्ये घोड्यालाही 'कास्टा' असे. इंग्रजीत तो व्यापक अर्थ गळून पडला.

आता लुईसची कसोटी लावू. त्याच्या ग्रंथातील सर्वांत उपयुक्त कल्पना 'धोकादायक अर्थ' ही होय. जुन्या ग्रंथातील शब्द आजच्या अर्थाने वाचला असता वाक्य निरर्थक झाले, तर वाचक सावध होतो व कोश उघडतो. परंतु आजचा अर्थ घेऊनही वाक्य बऱ्यापैकी लागत असेल, तर वाचक चुकीचा अर्थ घेऊन निश्चिंतपणे पुढे जातो. धोका न समजण्यात नसतो. समजले असे वाटण्यात असतो. हा विचार लुईसने एका भाषेतील दोन काळांच्या संदर्भात मांडला. 'कास्ट'च्या बाबतीत तो दोन भाषांमध्ये लावावा लागतो, आणि तेथे तो अधिकच खरा ठरतो. याचे कारण मराठी 'जात' हा शब्द पोर्तुगीज 'कास्टा'शी विलक्षण जुळतो. आपण आंब्याची जात म्हणतो, गुरांची जात म्हणतो, स्त्रीजात व मनुष्यजात म्हणतो. 'जन्' धातूपासून आलेल्या या शब्दात जन्म, प्रकार आणि समाजगट हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. जुळणी इतकी सहज आहे, की 'कास्टा'मधील रक्तशुद्धीची कल्पना 'जात' या शब्दात होती काय, हा प्रश्न भाषांतरकाराला पडतच नाही. आपल्याकडील व्यवहारात अन्न, पाणी, स्पर्श, व्यवसाय आणि लग्न यांचे निर्बंध आहेत, विटाळाची कल्पना आहे. परंतु त्या शुद्धाशुद्धतेची मांडणी आणि इबेरियातील वंशावळीच्या दप्तरांची मांडणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. शब्द जुळला आणि हा भेद झाकला गेला.

लुईसचे दुसरे प्रतिपादन सामाजिक दर्जाच्या शब्दांना नैतिक अर्थ कसा येतो याविषयीचे आहे. 'व्हिलन' हा शब्द एके काळी जमीनदाराच्या गावातील कुळवाड्याला लावीत. पुढे तो दुष्टाचा वाचक झाला. 'फ्री', 'नोबल', 'जेंटल' हे वरच्या दर्जाचे शब्द सद्‌गुणांची नावे झाली. हे विवेचन वाचताना मराठी वाचकाला स्वतःची भाषा आठवल्यावाचून राहात नाही. 'जातिवंत' ही आपण गायकाला, घोड्याला आणि कवितेलाही स्तुती म्हणून लावतो. 'कुलीन', 'खानदानी' यांचेही तसेच. उलट बाजूस 'चांडाळ' ही शिवी झाली. परभाषेचे मिश्रण असलेल्या लेखनाला समीक्षक बेधडक 'धेडगुजरी' म्हणतात; या विशेषणात एका जातीचे नाव तुच्छतेने दडलेले आहे याची जाणीव ते वापरणाऱ्या लेखणीला बहुधा नसते. मराठी समीक्षेने तरी हे विशेषण आता टाकून द्यावे असे मला वाटते. लुईस अशा शब्दांची वाटचाल सुंदर रीतीने दाखवितो. परंतु ही वाटचाल म्हणजे जणू भाषेची एक स्वाभाविक प्रवृत्ती, असा त्याच्या निवेदनाचा सूर असतो. शब्द कोणाच्या तोंडी होता आणि कोणाच्या माथी मारला गेला, हा प्रश्न तो जाणतो, पण त्यावर थांबत नाही. अर्थ झाडाच्या फांद्यांसारखे फुटतात, जुन्या फांद्याही टिकून राहतात, हे त्याचे रूपक चांगले आहे. मात्र झाडाला छाटणारा कोणी असतो हे त्या रूपकात बसत नाही.

एम्प्सनचे लक्ष काळापेक्षा रचनेवर असते. एकाच प्रयोगात शब्दाचे दोन अर्थ एकदम उपस्थित असतील, तर त्या दोहोंमध्ये एक न बोललेले विधान तयार होते: 'पहिला तो दुसराच होय.' शब्द असा एखादे मतच पोटात घेऊन हिंडतो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त 'ऑनेस्ट' व त्याचे नाम पन्नासहून अधिक वेळा येते. त्यावरील एम्प्सनचे प्रकरण हे या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण होय. एम्प्सनची समीकरणे पुष्कळदा क्लिष्ट होतात आणि त्याची चिन्हे वाचकाला दमवितात, हे मान्य करूनही मूळ कल्पनेचे सामर्थ्य नाकारता येत नाही.

'कास्ट' या शब्दात असेच समीकरण आहे, आणि ते त्याच्या इंग्रजी जीवनात घडले. धर्मग्रंथांतील चार वर्ण आणि प्रत्यक्ष व्यवहारातील असंख्य जाती या दोन्हींना इंग्रजीत एकच नाव मिळाले. ग्रंथ वाचणाऱ्या पंडिताने 'कास्ट' म्हटले म्हणजे वर्ण. जिल्ह्यात फिरणाऱ्या कलेक्टराने म्हटले म्हणजे जात. एकाच शब्दात दोन्ही अर्थ कोंबले गेले आणि त्यातून न बोललेले विधान निघाले: जाती म्हणजे वर्णांचेच तुकडे. हे विधान संस्कृत स्मृतिकारांनाही अभिप्रेत होते, वर्णसंकराच्या उपपत्तीने त्यांनी तेच केले, हे खरे. परंतु स्मृतिकारांना ते प्रतिपादावे लागले. इंग्रजी वाचकाला ते शब्दाबरोबर फुकट मिळाले. १९०१ च्या जनगणनेत रिझलीने जातींची सामाजिक श्रेष्ठकनिष्ठता लावण्याचा जो खटाटोप केला, त्यामागे हे समीकरण उभे होते.

याच समीकरणाची दुसरी पायरी म्हणजे 'सब-कास्ट', मराठीत 'पोटजात'. दोन्ही शब्दांतील उपसर्ग आणि पूर्वपद काय सांगतात? मोठी जात आधी, तिच्या पोटातून लहान जाती नंतर. येथे आपल्याकडील समाजशास्त्राने शब्दच तपासावयास घेतला, ही अभिमानाने नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. ज्या गटात लग्ने होतात त्या गटालाच खरी जात मानावे, असे गो. स. घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठात काम करीत असता मांडले. त्यांच्या शिष्या इरावती कर्वे यांनी १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या ग्रंथात गुरूच्याही पुढे जाऊन म्हटले, की कुंभार ही एक जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या असे नव्हे, निरनिराळ्या मूळ गटांचा धंदा एक, म्हणून त्यांना एक नाव पडले. 'पोट' या एका पूर्वपदाने इतिहासाची दिशा उलटी केली होती. कर्व्यांनी सुचविलेला 'जातिसमूह' हा शब्द एम्प्सनने वाचला असता, तर समीकरण सोडविण्याचा आदर्श म्हणून त्याने त्याचा उल्लेख केला असता.

विल्यम्सकडे येताना भूमी बदलते. 'कीवर्ड्स'मधील शब्द मुळात १९५८ च्या 'कल्चर अँड सोसायटी' या ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून योजले होते. १९७६ च्या आवृत्तीत त्यांची संख्या ११० होती. १९८३ च्या आवृत्तीत आणखी २१ शब्द आले. त्यात 'क्लास'वर मोठी आणि महत्त्वाची नोंद आहे. रोमन जनतेच्या मालमत्तेनुसार केलेल्या विभागांपासून शाळेतील वर्गापर्यंत, आणि १७७० ते १८४० या औद्योगिक परिवर्तनाच्या काळात आलेल्या सामाजिक अर्थापर्यंत विल्यम्स हा शब्द नेतो. 'कास्ट'ला मात्र ग्रंथात स्वतंत्र नोंद नाही. एखादा शब्द गाळला म्हणून ग्रंथकाराला दोष देणे हा समीक्षेचा स्वस्त मार्ग आहे; विल्यम्सचा विषय ब्रिटनमधील संस्कृती व समाज हा होता, आणि अन्य भाषांतील तुलनात्मक अभ्यासाची गरज त्याने स्वतः प्रस्तावनेत मान्य केली आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. 'क्लास' या शब्दाला आधुनिक अर्थ येत होता, त्याच काळात इंग्रज राज्यकर्ते 'कास्ट' हा शब्द रोज वापरीत होते. एक शब्द हालचालीचा, दुसरा जखडलेपणाचा. एक स्वदेशाचा, दुसरा वसाहतीचा. या जोडीतील एकालाच उचलले तर त्याचाही अर्थ अपुरा राहतो.

ही जोडी केवळ सैद्धांतिक नव्हे, हे एका विद्यार्थ्याच्या निबंधाने विल्यम्सच्या साठ वर्षे आधी दाखविले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. सेनार, नेसफील्ड, रिझली आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या घेऊन आंबेडकर त्या एकेक तपासतात. जातीकडे स्वतंत्र, सुटे एकक म्हणून पाहिले जाते हा त्यांचा प्रमुख आक्षेप आहे. एकवचनी जात ही वस्तूच नाही, जाती नेहमी अनेकच असतात, आणि जात म्हणजे स्वतःची दारे बंद करून घेतलेला वर्ग होय, असा त्यांचा निष्कर्ष. वचनाच्या या मुद्द्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. इंग्रजीत 'कास्ट' हे उपपदावाचून एकवचनी आले की त्याचा अर्थ संपूर्ण व्यवस्था असा होतो. उपपद लागले की एक विशिष्ट गट. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या शीर्षकातील शब्द पहिल्या प्रकारचा आहे. मराठीत 'जात' एकटी ठेवून हा अर्थ नीट येत नाही. 'जातिसंस्था', 'जातिव्यवस्था', 'जातिभेद' असे सामासिक शब्द करावे लागतात, आणि 'संस्था' म्हणावे की 'भेद', या निवडीतच अनुवादकाची भूमिका उघड होते.

पुढे हा अर्थविचार ग्रंथालयातून न्यायालयात गेला. पूर्वी सरकारी भाषेत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे नाव आले, म्हणजे 'वर्गा'च्या जागी 'जात' बसली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात जे कलम घातले, त्यात पुन्हा सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास 'वर्ग' आला. मग 'वर्ग' म्हणजे 'जात' होऊ शकते काय? म्हैसूर राज्याविरुद्धच्या बालाजी खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने जात ही एकमेव वा प्रधान कसोटी मानावयास नकार दिला. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, भारतात जात हा बहुधा सामाजिक वर्गच असतो, असा निर्णय दिला. लक्षावधी विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि नोकऱ्या दोन इंग्रजी नामांच्या संबंधावर अवलंबून राहिल्या. इतक्या उच्च दराने शब्दार्थाची चर्चा अन्यत्र क्वचितच झाली असेल. मराठीत आणखी एक गंमत आहे. हिंदीने 'ट्राइब'साठी 'जनजाति' हा शब्द घेतला, तर मराठीने अरबी 'जमात' घेतला. त्यामुळे 'जाती' आणि 'जमाती' ही जोडी आपल्याला प्रासासह मिळाली, आणि हिंदीत दिसणारे त्या दोन शब्दांचे नाते मराठीत दिसेनासे झाले.

येथे एका विरुद्ध टोकाच्या चुकीकडे वळणे अवश्य आहे. 'कास्ट' हा शब्द परका, जनगणना परकी, म्हणून जातच इंग्रजांनी घडविली, असा युक्तिवाद अलीकडे काही वर्तुळांत ऐकू येतो. निकोलस डर्क्स यांच्या २००१ च्या 'कास्ट्स ऑफ माइंड'सारख्या अभ्यासांत वसाहतीच्या सत्तेने जातीला दिलेल्या नव्या आकाराचे जे तपशीलवार विवेचन आहे, त्याचे हे अतिसुलभ रूप होय. शब्द आणि संकल्पना एकच मानण्याचा हा दोष क्वेंटिन स्किनर यांनी १९७९ साली विल्यम्सच्या ग्रंथाचे परीक्षण करताना नेमका दाखविला होता. मिल्टनला आपल्या काव्याच्या अपूर्वतेचे मोल पुरेपूर ठाऊक होते. 'ओरिजिनॅलिटी' हा शब्द मात्र इंग्रजीत त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी रूढ झाला. शब्द नव्हता म्हणून जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. चोखामेळ्याच्या आणि तुकारामाच्या अभंगांत 'याती' हा शब्द येतो, त्या वेळी त्यांच्या कानी 'कास्ट' नव्हता. परक्या शब्दाने दुखण्याला नाव बदलून दिले, त्याचे पृथक्करण बिघडविले, काही ठिकाणी ते अधिक घट्टही केले. दुखणे त्या नावाच्या आधीचे आहे.

आणि शब्द केवळ एकाच दिशेने जात नाहीत. १८६९ साली चार्ल्स समनर या अमेरिकन सिनेटरने बोस्टन येथे 'द क्वेश्चन ऑफ कास्ट' या विषयावर व्याख्यान देऊन, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही उरलेल्या वर्णद्वेषाला हिंदुस्थानातील संस्थेचे नाव दिले. याच वाटेने पुढे १९३६ साली लॉइड वॉर्नर यांनी दक्षिणेकडील वंशभेदासाठी हा शब्द समाजशास्त्रात वापरला आणि २०२० साली इझाबेल विल्करसन यांनी त्यावर 'कास्ट' याच नावाचा ग्रंथ लिहिला. समनरच्या व्याख्यानानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी उलटी देवघेव केली. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीवर लिहिलेल्या मराठी ग्रंथाला त्यांनी 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि तो निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना इंग्रजीत अर्पण केला. इंग्रजी भाषक आपल्या देशातील अन्यायासाठी आमचा शब्द उसना घेत होता. फुले त्याच वेळी आमच्या अन्यायासाठी त्यांच्या अन्यायाचे नाव घेत होते, आणि तेही अरबीतून येऊन मराठीत मुरलेल्या 'गुलाम' या शब्दाने. एका भाषेच्या कोशात राहून लिहिलेल्या शब्देतिहासात ही देवघेव बसत नाही. 'क्लास'खाली ती येणार नाही, 'स्लेव्हरी'खाली येणार नाही, आणि मराठी कोशात 'जात' किंवा 'गुलाम' या नोंदींखालीही येणार नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त जुन्या ग्रंथांतील अवतरणे विपुल आहेत. ऑक्सफर्डच्या कोशाप्रमाणे अर्थवार व सालवार मांडणी मात्र त्यात नाही. अशी मांडणी हाती घ्यावयाची झाली, तर आरंभ 'जात', 'याती', 'ज्ञाती', 'वर्ण' आणि 'वर्ग' या पाच शब्दांपासून, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी व पोर्तुगीज दाखले ठेवून, करावा लागेल.